‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडतं’: स्पॅनिशच्या पहिल्या वर्गाला निघालेल्या मराठी माणसासाठी

पुण्यात नवशिक्यांना स्पॅनिश शिकवताना एक तास दर बॅचला जवळजवळ तसाच घडतो. फळ्यावर मी ‘मे गुस्ता एल काफे’ असं वाक्य लिहिते. समोर बसलेले बहुतेक जण परकी भाषा म्हटली की इंग्रजीतून विचार करतात. मग यात ‘मी’ कुठे आहे, क्रियापद कॉफीच्या मागे का धावतंय, असे प्रश्न सुरू होतात आणि वह्यांमध्ये बाण काढले जातात. थोडा वेळ जाऊ देते आणि सांगते, ‘हेच आता मराठीत म्हणा.’ मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडते, एल काफे म्हणजे कॉफी. मला आवडते कॉफी. बाण काढणं थांबतं.

हा लेख मी एवढ्याचसाठी लिहिते आहे. आपल्याकडे स्पॅनिशचे वर्ग, पुस्तकं, मोबाइलवरची ॲप्स हे सगळं इंग्रजीच्या वाटेनं येतं आणि आपण आपली मराठी वर्गाच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवतो. तिथेच नुकसान होतं. स्पॅनिशमधल्या ज्या गोष्टी इंग्रजी माणसाला महिनोन्‌महिने छळतात, त्यातल्या बऱ्याच आपण दुसरीतिसरीत असल्यापासून न चुकता बोलतो आहोत. काही ठिकाणी मात्र मराठीच आपल्याला खड्ड्यात घालते. दोन्ही जागा आधीच माहीत असाव्यात.

लेखात स्पॅनिश शब्द मी देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या वहीत तसं फक्त पहिला आठवडा करा, पुढे रोमनच. कारण खाली येईलच.

पहिली पायरी: वर्ग सुरू होण्याआधी जीभ आणि कान

आधी चांगली बातमी. स्पॅनिशमधले त आणि द हे आपलेच दंत्य त आणि द आहेत. इंग्रजी बोलणाऱ्याला ‘तू’ म्हणताना ‘टू’ म्हणायची सवय मोडावी लागते, आपल्याला काहीच मोडावं लागत नाही. प, त, क यांच्यात हवेचा झोत नसतो, म्हणजे ‘फ, थ, ख’कडे झुकत नाहीत, तेही आपल्याला जन्मजात येतं. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. शब्दात कुठेही आले तरी आपला आवाज बदलत नाहीत. लिहिलंय तसं वाचायचं, हा नियम देवनागरीवर वाढलेल्या माणसाला सांगावा लागत नाही.

आता जिथे लक्ष द्यायचं त्या जागा. एच हे अक्षर मुकं असतं, म्हणून ‘ओला’ (नमस्कार), ‘होला’ नव्हे. ‘जे’ हे अक्षर घशातून घासत येणाऱ्या ख सारखं, उर्दूतल्या ‘ख़बर’मधल्या ख सारखं. डबल एल बहुतेक ठिकाणी य च्या जवळ: ‘काये’ म्हणजे रस्ता. बुएनोस आयरेसचा माणूस त्यालाच ‘काशे’ म्हणेल, गोंधळू नका. बी आणि व्ही यांचा उच्चार एकच. शब्दाच्या सुरुवातीला ब, दोन स्वरांच्या मध्ये आपल्या सैल व सारखा. एस नेहमी स, कधीच झ नाही. ‘कासा’ म्हणजे घर, ‘काझा’ असं काही नसतं.

झेड आणि मऊ सी (ई किंवा आय या अक्षरांच्या आधी येणारा) यांचं काय करायचं, हे पहिल्या दिवशी शिक्षकांना विचारा. स्पेनच्या बऱ्याच भागात ते जीभ दातांमध्ये घेऊन उच्चारतात, लॅटिन अमेरिकेत सरळ स म्हणतात. दोन्ही बरोबर आहे. एक निवडा आणि तेच धरा. माझा सल्ला स चा, कारण आपला थ त्या आवाजाच्या जवळ वाटला तरी तो नाही.

एक अडचण खास मराठी आहे आणि ती कुठल्याही छापील पुस्तकात मिळणार नाही. आपल्याकडे च दोन आहेत, ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला. स्पॅनिशमध्ये फक्त ‘चार’मधला आहे. ‘ओचो’ (आठ) किंवा ‘मुचो’ (खूप) देवनागरीत लिहून ठेवलं की मराठी डोळा ते ‘चोर’मधल्या च नं वाचतो. लिपीच सवय ओढून आणते. वहीत देवनागरी आठवडाभरच ठेवा म्हणाले, त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: आघात. मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यानं अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो. ‘आब्लो’ हा शब्द पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटला तर ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. माणूसही बदलला आणि काळही. ‘पापा’चंही तसंच. जोर आधी असेल तर बटाटा किंवा पोप, शेवटी असेल तर बाबा. देवनागरी हा जोर दाखवत नाही, रोमन लिपीतलं स्पॅनिश दाखवतं. नियम दोन ओळींचा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर जोर उपांत्य अक्षरावर, इतर कुठलंही व्यंजन असेल तर शेवटच्या अक्षरावर. यापेक्षा वेगळं असेल तिथे स्वरावर तिरकी रेघ असते. म्हणून ती रेघ गाळली तर शुद्धलेखनाची चूक होतेच, बऱ्याचदा शब्दही दुसराच होतो. ‘एन्ये’ या अक्षरावरच्या नागमोडी रेघेचंही तेच. वय सांगताना येणारा ‘आन्योस’ (वर्षं) हा शब्द ती रेघ न देता लिहिला तर शरीराच्या मागल्या भागाचा उल्लेख होतो. एकदा कळलं की कोणी विसरत नाही.

र साधा असेल तर आपलाच र. डबल आर मात्र जीभ थरथरवून, बैलगाडी हाकल्यासारखा. ‘पेरो’ म्हणजे पण, आणि तोच र थरथरवला की कुत्रा. महिनाभर रोज दोन मिनिटं आंघोळ करताना सराव करा. येतो.

दुसरी पायरी: पहिल्या दिवशीची सहा वाक्यं

व्याकरण सुरू होण्याआधी ही सहा वाक्यं तोंडात बसवा. यांच्या जोरावर तुम्ही वर्गात इंग्रजीकडे न वळता टिकून राहता.

- नो एन्तिएन्दो. (मला समजत नाही.)
- मास देस्पासियो, पोर फावोर. (जरा सावकाश, प्लीज.)
- पुएदे रेपेतिर? (परत सांगाल का?)
- कोमो से दीसे … एन एस्पान्योल? (… ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?)
- के सिग्निफिका …? (… चा अर्थ काय?)
- कोमो से एस्क्रीबे? (कसं लिहितात?)

‘कोमो से दीसे’ मधली रिकामी जागा मराठी शब्दानं भरायला लाजू नका. वर्गात मराठी कळणारा कोणीतरी असतोच.

प्रश्न आणि विधान यांत शब्दांचा क्रम बदललाच पाहिजे असं नाही, आवाज चढला की झालं. लिहिताना मात्र प्रश्नचिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाही द्यायचं, उलटं करून. वाचणाऱ्याला आधीच कळतं की आवाज चढवायचा आहे.

तिसरी पायरी: शब्द, आणि घरातच पडून असलेली शिदोरी

पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आले. वसई 1534 पासून चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये घेईपर्यंत त्यांच्याकडे होती. त्या सहवासातून मराठीत जे शब्द आले, त्यांची स्पॅनिश भावंडं तुम्हाला पहिल्या महिन्यातच भेटतील, कारण पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी आहेत. आपला साबण स्पॅनिशमध्ये ‘खाबोन’. चावी ‘यावे’. पाव ‘पान’. परात घ्या आणि ‘प्लातो’ (ताटली) बघा. बिजागरी आणि ‘बिसाग्रा’. काडतूस आणि ‘कार्तुचो’. तंबाखू आणि ‘ताबाको’. महिन्याचा पगार आणि ‘पागार’ (पैसे देणे). बटाटा स्पेनमध्ये ‘पाताता’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘पापा’. यातला प्रत्येक शब्द पाठ करण्यापेक्षा ओळखण्यासारखा आहे.

त्याहून जुनी नाती संस्कृत आणि लॅटिनच्या समान मुळातून येतात. तू म्हणजे ‘तू’, अगदी तसंच. दात ‘दिएन्ते’, पाय ‘पिए’, नाव ‘नोम्ब्रे’, देव ‘दिओस’. सात ‘सिएते’, नऊ ‘नुएवे’. आणि मला सगळ्यात आवडणारी जोडी: संस्कृतात ‘नव’ म्हणजे नऊही आणि नवाही, तसंच स्पॅनिशमध्ये नऊ ‘नुएवे’ आणि नवा ‘नुएवो’.

गोव्यात ज्यांच्या घरी आजीआजोबा पोर्तुगीज बोलत, त्यांनी एक जपावं. समजायला तुम्हाला सगळ्यांच्या आधी समजेल, पण बोलताना नाकातले स्वर आणि पोर्तुगीज शब्द आपोआप येतील. वहीत दोन रकाने करा आणि जिथे फरक आहे तिथेच नोंद ठेवा.

काही शब्द दिसायला ओळखीचे असतात पण परके निघतात. ‘माला’ म्हणजे वाईट (स्त्रीलिंगी). ‘सोपा’ म्हणजे सूप. इंग्रजीच्या ओळखीनं फसवणारे तर ढीगभर. ‘एम्बारासादा’ म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. ‘लिब्रेरिया’ ग्रंथालय नाही, पुस्तकांचं दुकान. ‘एक्सितो’ म्हणजे बाहेर जायचा दरवाजा नव्हे, यश. बाहेर जायची वाट ‘सालिदा’.

शब्द लिहिताना एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. नुसतं ‘कासा’ लिहू नका, ‘ला कासा’ लिहा. नुसतं ‘लिब्रो’ नाही, ‘एल लिब्रो’. हे उपपद म्हणजे शब्दाचं लिंग. ते मागाहून लावायला गेलात तर शंभर शब्द नव्यानं पाठ करावे लागतील.

चौथी पायरी: लिंग, आणि मराठी कानाला पडणारा चकवा

इंग्रजीतून येणाऱ्याला मुळात हेच पटत नाही की टेबलाला लिंग असतं. आपल्याला तीन लिंगांची सवय, इथे दोनच. विशेषण नामाप्रमाणे बदलायचं हेही आपल्या अंगात आहे. चांगला मुलगा, चांगली मुलगी, तसंच ‘निन्यो बुएनो’, ‘निन्या बुएना’. अनेकवचनात ‘निन्योस बुएनोस’, ‘निन्यास बुएनास’. आपली ‘हुशार’, ‘सुंदर’ ही विशेषणं जशी लिंगानुसार बदलत नाहीत, तशी स्पॅनिशमध्ये ए नं संपणारी ‘ग्रान्दे’ (मोठा) किंवा ‘इन्तेलिखेन्ते’ बदलत नाहीत. अनेकवचनाचा स मात्र लागतो.

मग चकवा कुठे? मराठीत आकारान्त शब्द ऐकला की कान म्हणतो पुल्लिंग. घोडा, दरवाजा, चष्मा, आंबा. स्पॅनिशमध्ये नेमकं उलटं: आ नं संपणारे बहुतेक शब्द स्त्रीलिंगी, ओ नं संपणारे पुल्लिंगी. ‘ला मेसा’ (टेबल), ‘ला बेन्ताना’ (खिडकी), ‘ला पुएर्ता’ (दार). माझे विद्यार्थी दोन-दोन महिने ‘एल मेसा’ म्हणत राहतात. हुशारी कमी असते असं मुळीच नाही, मराठीचा कान पक्का असतो. यावर उपाय एकच सापडला आहे: शब्द म्हणताना विशेषण जोडून म्हणणे. ‘ला मेसा ब्लान्का’, पांढरी मेसा. मराठीतही मनात ‘पांढरी’ म्हणा.

अपवाद थोडे आहेत पण रोज लागतात. ‘एल दिया’ (दिवस), ‘एल मापा’ (नकाशा), आणि ग्रीकमधून आलेले मा नं संपणारे ‘एल प्रोब्लेमा’, ‘एल इदिओमा’ (भाषा), ‘एल सिस्तेमा’ हे सगळे पुल्लिंगी. उलट ‘ला मानो’ (हात), ‘ला फोतो’ स्त्रीलिंगी. आपल्या भाषेतलं लिंग तिथे नेऊ नका. चंद्र आपला पुरुष, तिकडे ‘ला लुना’ बाई. नदी आपली बाई, तिकडे ‘एल रिओ’ पुरुष.

विशेषण बहुधा नामानंतर येतं. आणि आपण शब्दाच्या शेपटीला जे चिकटवतो ते स्पॅनिशमध्ये डोक्यावर बसतं. घरात म्हणजे ‘एन कासा’, पुण्याहून ‘दे पुणे’, मित्राबरोबर ‘कोन उन आमिगो’. ‘माझ्या भावाचं घर’ म्हणायचं असेल तर मागून सुरुवात करा: घर, चं, माझ्या भावा. ‘ला कासा दे मि एर्मानो.’ आधी विचित्र वाटतं, पण पंधरा दिवस असे उलटे वाक्यांश लिहिले की हात बसतो.

पाचवी पायरी: क्रियापद

‘जातोस का?’ असं आपण विचारतो तेव्हा ‘तू’ म्हणायची गरज नसते, क्रियापदाच्या शेपटीतच तो असतो. स्पॅनिश अगदी तशीच. ‘आब्लास’ म्हटलं की ‘तू बोलतोस’. दरवेळी ‘यो’ (मी) लावणारा विद्यार्थी दिसला की समजावं, हा इंग्रजीतून येतो आहे.

बोलणे या क्रियापदाचा वर्तमानकाळ असा: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही (फक्त स्पेनमध्ये), ते. एक सुख आपल्याला जास्तीचं मिळतं. मराठीत पुरुष ‘बोलतो’ आणि बाई ‘बोलते’, स्पॅनिशमध्ये दोघंही ‘आब्लो’. ‘आब्लार’सारखी (बोलणे) ‘आर’ या आवाजानं संपणारी बहुसंख्य क्रियापदं याच चालीवर जातात. ‘कोमेर’ (खाणे) आणि ‘बिवीर’ (राहणे) या दोन चाली पुढच्या आठवड्यात घ्या, फरक थोडाच आहे.

आता ‘असणे’. स्पॅनिशमध्ये दोन आहेत, सेर आणि एस्तार. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सांगतात की कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम पहिल्याच वाक्याला मोडतो. ‘पुणे महाराष्ट्रात आहे’ याला ‘पुणे एस्ता एन महाराष्ट्र’ म्हणतात, आणि पुणे काही तिथे तात्पुरतं नाही. त्याऐवजी असं धरा: कोण, काय, कुठला, कसला स्वभाव यांना सेर. कुठे आणि कुठल्या अवस्थेत यांना एस्तार. मराठी इथेही थोडा हात देते. ‘बर्फ थंड असतो’ आणि ‘चहा थंड आहे’ या दोन वाक्यांतला फरक तुम्हाला कळतो ना? पहिल्याला ‘एस’, दुसऱ्याला ‘एस्ता’. सगळीकडे हे जुळणार नाही, पण कान तयार होतो. ‘एस लिस्तो’ म्हणजे तो हुशार आहे, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तो तयार आहे.

मराठीमुळे होणारी चूक इथेच सांगते. ‘हा माझा भाऊ’ हे आपलं पूर्ण वाक्य आहे, ‘आहे’ नसलं तरी चालतं. स्पॅनिशमध्ये चालत नाही. ‘एस्ते एस मि एर्मानो’, यातला ‘एस’ गाळला की वाक्य लंगडतं. दुसरं म्हणजे, आपल्याकडे मालकी सांगणारं स्वतंत्र क्रियापद नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’ असं आपण म्हणतो. तिथे ‘तेनेर’ लागतं: ‘तेंगो दोस एर्मानोस’, ‘तेंगो उना बिसिक्लेता’. वय आणि भूकसुद्धा याच खात्यात. ‘तेंगो बेइन्ते आन्योस’, मी वीस वर्षांचा आहे. ‘तेंगो आम्ब्रे’, मला भूक लागली आहे. तेंगो, तिएनेस, तिएने हे तीन शब्द पहिल्या आठवड्यातच घोटून ठेवा.

सहावी पायरी: ‘मला’

इथे आपण इंग्रजीवाल्यांच्या मैलभर पुढे आहोत, म्हणून इथे सावकाश चला.

‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आंब्याप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही. स्पॅनिश: ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. तुला आवडतं का? ‘ते गुस्ता?’ त्याला, तिला, किंवा आदरार्थी तुम्हाला आवडतं: ‘ले गुस्ता’. फक्त एक जास्तीची गोष्ट आहे. नाव घेतलं तरी ‘ले’ सुटत नाही. ‘आ मारिया ले गुस्ता एल काफे’, म्हणजे ‘मारियाला, तिला, कॉफी आवडते’.

दुखण्याचंही असंच, ‘मे दुएले ला काबेसा’. आपण म्हणतो ‘माझं डोकं दुखतं’, स्पॅनिश म्हणते ‘मला दुखतं डोकं’. वाटण्याचंही: ‘मे पारेसे के…’, मला वाटतं की…

पण मराठीतला प्रत्येक ‘मला’ तिकडे ‘मे’ होत नाही आणि उत्साहाच्या भरात इथेच घसरायला होतं. ‘मला पाणी पाहिजे’ हे ‘किएरो आग्वा’, सरळ मीचं क्रियापद. ‘मला माहीत आहे’ हे ‘लो से’. ‘मला भूक लागली’ आपण वर पाहिलंच. वहीत एक पान फक्त ‘मला’साठी ठेवा, मधोमध रेघ मारा. डावीकडे आवडतं, दुखतं, वाटतं. उजवीकडे पाहिजे, माहीत आहे, भूक. नवीन क्रियापद आलं की शिक्षकांना विचारा, ‘हे कुठल्या बाजूचं?’

आणखी एक भेट मराठीनं देऊन ठेवली आहे. ‘मी पुस्तक शोधतो’ पण ‘मी भावाला शोधतो’. निर्जीव कर्माला ‘ला’ नाही, माणसाला आहे. स्पॅनिश तेच करते: ‘बुस्को एल लिब्रो’, पण ‘बुस्को आ मि एर्मानो’. तो ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’. या ‘आ’वर पुस्तकांत पानंच्या पानं असतात. तुम्ही मनात मराठी वाक्य म्हणा आणि माणसाला ‘ला’ लागला की ‘आ’ घाला.

आकड्यांबद्दल थोडंसं

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद झाला. स्पॅनिश त्या ‘वीस एक’च्या बाजूची आहे. एकतीस म्हणजे ‘त्रेइन्ता इ उनो’, तीस आणि एक. बेचाळीस ‘कुआरेन्ता इ दोस’. एकोणतीस-एकोणचाळीस असला प्रकार नाही. पंधरापर्यंत पाठ करा, मग दहा-दहाचे टप्पे, की शंभरपर्यंतचं काम झालं. पाच आणि पंधरा, सहा आणि सात (‘सिंको’ आणि ‘किन्से’, ‘सेइस’ आणि ‘सिएते’) ऐकताना चुकतात, तेवढे कोणाकडून तरी उलटसुलट विचारून घ्या.

सातवी पायरी: माणसांशी वागताना

तू आणि तुम्ही हा भेद आपल्याला कोणी शिकवायला नको. ‘तू’ आणि ‘उस्तेद’. उस्तेद हा शब्द ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’ अशा जुन्या संबोधनातून झिजून आला, म्हणून त्याला क्रियापद तृतीयपुरुषी लागतं: ‘उस्तेद आब्ला’. मात्र तू कधी म्हणायचं याची रेषा जागोजागी वेगळी आहे. स्पेनमध्ये लोक पटकन ‘तू’वर येतात, विद्यार्थीही शिक्षकांना नावानं हाक मारतात. तिथे ‘सर, सर’ करत राहिलात तर तुम्ही अंतर ठेवता आहात असं वाटेल. बोगोटात याच्या उलट, घरातल्या माणसांनाही ‘उस्तेद’ म्हणतात. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ आहे. स्पेन, आफ्रिकेतला विषुववृत्तीय गिनी आणि लॅटिन अमेरिकेतले 18 देश या भाषेत आपला कारभार करतात, तेव्हा एकच रीत सगळीकडे असण्याची अपेक्षा ठेवू नये. नवख्यानं मोठ्यांशी आणि अनोळखी माणसाशी उस्तेदनं सुरुवात करावी. समोरचा ‘तू म्हण’ म्हणाला की तू.

नावं वाचायला शिका. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. तिकडे दोन आडनावं असतात, परंपरेनं आधी वडिलांचं, मग आईचं. टेनिसपटू नदालचं पूर्ण नाव राफाएल नादाल पारेरा, त्यातलं नादाल वडिलांकडचं आणि पारेरा आईकडचं. लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत. आणि तुमचं मधलं नाव तिकडच्या फॉर्मवर पहिलं आडनाव म्हणून बसू शकतं. व्हिसाचा किंवा विद्यापीठाचा अर्ज भरताना हे डोळ्यात तेल घालून तपासा.

स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन ते तीनच्या सुमारास आणि रात्रीचं नऊच्या पुढे. म्हणून ‘बुएनास तार्देस’ (शुभ दुपार) जेवण झाल्यावर सुरू होतं. दीड वाजता ‘बुएनोस दियास’ ऐकलं तर ते चुकलेले नाहीत.

शाकाहारी लोकांनी हे वाक्य पूर्णच पाठ करावं: ‘सोय बेखेतारियानो, नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन.’ (बाई असाल तर बेखेतारियाना.) मांस नाही, मासे नाहीत, आणि हॅमही नाही. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर ताटात ट्यूना किंवा हॅमचे तुकडे येऊ शकतात, कारण बोलीत कार्ने म्हणजे बऱ्याचदा फक्त लाल मांस. अंडं चालत नसेल तर ‘सिन उएवो’ जोडा. स्पेनमधली तोर्तिया ही बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट असते, मेक्सिकोतली तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ भाकरी. शब्द एक, पदार्थ दोन.

संस्कृतीचा तास आला की बहुतेक वर्गांत बैलांची झुंज आणि फ्लामेंको दाखवतात. मी मात्र 1 आणि 2 नोव्हेंबरपासून सुरुवात करते. मेक्सिकोत तेव्हा ‘दिया दे लोस मुएर्तोस’, मृतांचा दिवस असतो. गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ करून ठेवतात आणि वाट दिसावी म्हणून पिवळ्या-केशरी फुलांच्या पाकळ्या अंथरतात. पितृपक्षात पान वाढणाऱ्या आपल्या माणसांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. ते फूल म्हणजे आपला झेंडू. मूळचा तो मेक्सिकोचाच. तिथलं त्याचं नाव ‘सेम्पासुचिल’ नाहुआत्ल भाषेतून आलं आहे, वीस पाकळ्यांचं फूल अशा अर्थाचं. दसऱ्याला दाराला जे तोरण लावतो, त्यातलं फूल समुद्र ओलांडून आलेलं आहे, हे कळल्यावर ‘ला फ्लोर’ (फूल, स्त्रीलिंगी) हा शब्द वर्गात कोणी चुकल्याचं मला आठवत नाही.

आठवी पायरी: वर्गाबाहेरचा आठवडा आणि परीक्षा

आठवड्यातून दोन तास वर्ग असेल तर घरी रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी दोन तास बसून भरपाई होत नाही. त्या पंधरा मिनिटांत वही उघडण्याआधी कालचं काय आठवतं ते मोठ्यानं बोला. मग कुठलाही छोटा उतारा ऐकून लिहून काढा आणि मूळ मजकुराशी ताडून बघा. श्रुतलेखन शाळेत कंटाळवाणं वाटायचं, पण आघाताच्या रेघा पक्क्या करायला त्याच्याइतकं चांगलं साधन मला मिळालेलं नाही.

परीक्षा द्यायची असेल तर ‘देले’ ही स्पॅनिशची मान्यताप्राप्त परीक्षा इन्स्तितूतो सेर्वान्तेस ही स्पेनची सरकारी संस्था घेते. तिचं केंद्र दिल्लीत आहे. ए1 ते सी2 अशा सहा पातळ्या आहेत, नवशिक्याची ए1. ए1मध्ये वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण असे चार भाग. वाचन-लेखन मिळून 50 गुण आणि श्रवण-संभाषण मिळून 50, दोन्ही गटांत वेगवेगळे किमान 30 हवेत. म्हणजे लेखन उत्तम आहे म्हणून बोलणं झाकलं जात नाही. आपल्याकडची मुलं इथेच अडकतात. प्रमाणपत्राला मुदत नसते. ‘सिएले’ नावाची दुसरी परीक्षा संगणकावर होते आणि तिचा निकाल 5 वर्षं ग्राह्य असतो.

ए1च्या तोंडी परीक्षेची सुरुवात स्वतःची ओळख करून देण्यानं होते, आणि खरं तर कुठल्याही ओळखीची होते. म्हणून ती पहिल्या महिन्यातच बांधून ठेवा. हा सांगाडा घ्या आणि स्वतःच्या घरातली माणसं त्यात बसवा:

‘ओला, बुएनास तार्देस. मे यामो … सोय दे कोल्हापूर, पेरो बिवो एन पुणे. तेंगो बेइन्तिसिंको आन्योस. एन मि कासा सोमोस सिंको: मिस पाद्रेस, मि आबुएला, मि एर्मानो इ यो. एन कासा आब्लामोस माराती. मे गुस्तान लोस मांगोस इ मे गुस्ता मुचो लेएर.’

नमस्कार. माझं नाव … मी कोल्हापूरचा, पण राहतो पुण्यात. मी पंचवीस वर्षांचा आहे. आमच्या घरी आम्ही पाच जण: आईबाबा, आजी, भाऊ आणि मी. घरी आम्ही मराठी बोलतो. मला आंबे आवडतात आणि वाचायला खूप आवडतं.

‘सोमोस सिंको’ नीट बघा. शब्दशः ‘आहोत पाच’. घरात पाच माणसं ‘आहेत’ असं मोजून न सांगता ‘आम्ही पाच जण’ म्हणायची ही तऱ्हा दोन्हीकडे एकच आहे. आरशासमोर तीनदा म्हणा, मग आजीला ऐकवा आणि ‘मि आबुएला’ म्हणताना तिच्याकडे हात करा.